पाच हरणांची पंगत

रविवार

सकाळी फ्रिजचा खालचा कप्पा अख्खा रिकामा केला. माझं विरजण, आल्याचं लोणचं, खोवलेल्या नारळाचा डबा, सगळं वरच्या फळीवर दाटीवाटीने बसलं आणि खाली सोळा पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोंची गोठलेली टर्की विसावली. "आज ठेवली तरच गुरुवारपर्यंत सुटेल, आई," लेक म्हणाली. "चार पौंडांमागे एक दिवस धरायचा." आमच्या चिपळूणला सणाची तयारी आदल्या रात्री डाळ भिजत घालण्यापासून सुरू होते. इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची, म्हणजे आभार मानायच्या सणाची, तयारी चार दिवस आधी, अशी सुरू होते.

आम्ही दोघं बॉस्टनच्या पश्चिमेला लेकीकडे आलो त्याला तीन आठवडे झाले. झाडं उघडी पडलीत. ओकची वाळकी तपकिरी पानं तेवढी अजून फांदी सोडायला तयार नाहीत. दारांवर मक्याची वाळलेली कणसं टांगलेली दिसतात, तांबड्या, जांभळ्या, काळपट निळ्या दाण्यांची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रस्त्यातच थांबले. कोकणात नव्याच्या पुनवेला आम्ही भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधतो, त्याला नुसतं 'नवं' म्हणतात. घरात नवं आलं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दारावरूनच कळतं. इथल्या त्या कणसांनी मला क्षणभर माझ्याच उंबऱ्यावर नेऊन सोडलं.

दुपारी नातीने शाळेतला कागद आणून दाखवला. पंजा कागदावर ठेवून भोवती रेघ मारायची, अंगठ्याचं डोकं करायचं आणि चार बोटांची पिसं, की झाली टर्की. ती तिसरीत आहे. म्हणाली, "आज्जी, गुरुवारी जेवायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं असतं, आपण कशासाठी थँकफुल आहोत ते. तुलाही सांगावं लागेल."

मी हो म्हटलं खरं, पण मनात तेच घोळत राहिलं. आपल्याकडे घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. मानले तर आई दुखावते, 'मी काय परकी आहे का गं?' म्हणते. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवली आणि दरवर्षी 'कृतज्ञ' हा शब्द फळ्यावर फोडून दाखवला: कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. जो आपल्यासाठी केलेलं जाणतो तो कृतज्ञ. मग या सणाचं 'केलेलं' कुणाचं आहे? जे जाणायचं ते काय? गुरुवारपर्यंत ते समजून घ्यावं असं ठरवलं.

सोमवार

जावयांनी सुट्टी टाकली होती. ते म्हणाले, "आई, क्रॅनबेरी कुठे पिकते ते दाखवतो तुम्हाला." आम्ही आग्नेयेकडे कार्व्हर नावाच्या गावी गेलो. काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, त्यामुळे पाण्यावर तरंगणारा तो लाल गालिचा आम्हाला पाहायला मिळाला नाही. पण शेत मिळालं. शेत म्हणजे पाणथळ, वाळू पसरलेली सखल खाचरं. भोवती बांध, बांधाला पाणी सोडायची दारं. आपल्या भातखाचरांची इतकी आठवण आली की 'हे' बांधावरून चालत पार टोकापर्यंत गेले.

क्रॅनबेरीचा वेल जमिनीलगत पसरतो आणि थंडीत त्याची पानं गडद तांबूस होतात. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात, म्हणून खाचर पाण्याने भरून वेल झोडपले की फळं सुटून वर तरंगतात. एका कोपऱ्यात चुकून राहिलेली पाच-सहा फळं सापडली. चावून पाहिली तर आंबट, तुरट, दाताला कर्कश लागणारी. करवंद अर्धं कच्चं असताना असंच लागतं. केप कॉड या भूशिरावरच्या डेनिस गावात हेन्री हॉल नावाच्या माणसाने 1816 च्या सुमारास तिची पद्धतशीर लागवड सुरू केली. वाऱ्याने वाळू उडून येऊन वेलांवर बसली की फळ जास्त धरतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. इथले मूळचे लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ही फळं वेचत, सुकवत, वाळवलेल्या मांसात कुटून घालत.

ते मूळचे लोक म्हणजे वांपनोआग. नावाचा अर्थ पहिल्या उजेडाचे लोक. खंडाच्या पूर्व काठावर राहणारे, सूर्य आधी त्यांच्याकडे उगवतो. असं नाव स्वतःला घेणाऱ्या माणसांबद्दल मला तिथेच ओढ वाटू लागली.

मंगळवार

प्लिमथ. आजचा दिवस मोठा आहे, सावकाश लिहिते.

आधी बंदरावरचा तो प्रसिद्ध खडक पाहिला. इंग्लंडहून 'मेफ्लॉवर' जहाजातून वस्ती करायला आलेल्यांनी पहिलं पाऊल त्याच्यावर ठेवलं असं सांगतात. समुद्राच्या कडेला ग्रॅनाइटच्या खांबांचा देखणा मंडप, कठड्यावरून खाली पाहायचं. खाली वाळूत 1620 कोरलेला एक धोंडा, मधोमध सांधलेला. 1774 मध्ये हलवताना तो दुभंगला होता. उतरलेल्यांपैकी कुणीही खडकाचा उल्लेख लिहून ठेवलेला नाही. 1741 मध्ये चौऱ्याण्णव वर्षांच्या एका वृद्धाने 'हाच तो' म्हणून ओळख सांगितली, तिथून त्याचं माहात्म्य. माणसं तरीही कठड्याशी गप्प उभी राहतात. मीही राहिले. पावलं उमटली ती कुठल्याही दगडावर असोत, थंडीत समुद्र ओलांडून आलेल्या पोराबाळांची होती.

जवळच धक्क्याला 'मेफ्लॉवर 2' बांधून ठेवलेलं आहे. मूळ जहाजाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये बांधून 1957 मध्ये अटलांटिकमधून इथवर वल्हवत नव्हे, खऱ्या शिडांवर आणलेलं. आत उतरलं की वाकून चालावं लागतं. मूळ जहाजात असे 102 प्रवासी दोन महिन्यांवर कोंडलेले होते. नोव्हेंबर 1620 मध्ये ते केप कॉडच्या टोकाशी थांबले आणि डिसेंबरमध्ये प्लिमथला आले. भर हिवाळा, अंगावर निवारा नाही. पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे मेले. खडकामागच्या टेकाडावर, कोल्स हिलवर, त्यांना पुरलं. उरलो किती हे बाहेर कळू नये म्हणून रात्री पुरत आणि जमीन सपाट करत, असं सांगतात.

मार्च 1621 मध्ये समोसेट नावाचा माणूस एकटा चालत त्यांच्या वस्तीत आला आणि त्याने इंग्रजीत स्वागत केलं. किनाऱ्यावर मासेमारीला येणाऱ्या गोऱ्यांकडून तो भाषा शिकला होता. काही दिवसांनी त्याने सोबत आणला टिस्क्वांटम. या माणसाची कहाणी ऐकल्यापासून माझं मन तिथून हलत नाही. ज्या जागी प्लिमथ वसलं ती जागा म्हणजे टिस्क्वांटमचंच गाव, पटक्सेट. 1614 मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला आणि आणखी काहींना फसवून पकडलं आणि स्पेनमध्ये मालागाला विकायला नेलं. तिथून सुटून तो इंग्लंडला पोचला, इंग्रजी शिकला, खटपट करून 1619 मध्ये परत आला. गाव होतं तिथे कुणीच नव्हतं. मधल्या वर्षांत साथ आली होती, बाहेरून आलेली, आणि अख्खं गाव त्यात संपलं होतं. घरी परतण्यासाठी माणसाने पाच वर्षं धडपडावं आणि घरात हाक मारायला एकही माणूस नसावं.

त्या माणसाने या उपऱ्यांना मका कसा पेरायचा ते शिकवलं. मातीचे उंचवटे करायचे, खताला मासे घालायचे. नदीत मासे कधी चढतात, ईल कुठे सापडतात तेही दाखवलं. त्याच्या ओसाड शेतांत ते पेरत होते. पुढच्याच वर्षी, 1622 मध्ये, तो तापाने गेला.

गावाबाहेर प्लिमथ पटक्सेट नावाचं मोठं खुलं संग्रहालय आहे. 1947 मध्ये ते सुरू झालं तेव्हा नावात प्लिमथच होतं, पटक्सेट 2020 मध्ये जोडलं. एका बाजूला इंग्रजांची वस्ती उभी केली आहे, तिथली माणसं सतराव्या शतकातलीच होऊन बोलतात. एका बाईला मी चुलीवर काय आहे विचारलं तर तिने इंग्लंडच्या लोण्याची आठवण काढून उसासा टाकला. दुसऱ्या बाजूला पटक्सेटची वस्ती. तिथली माणसं मूळ रहिवाशांपैकीच असतात आणि ती कुणाचीही भूमिका करत नाहीत. जुन्या पद्धतीचे कपडे घालून आजच्या स्वतःबद्दल बोलतात.

तिथे झाडाच्या सालींनी शाकारलेलं लांबट घर होतं, आत तीन चुली ओळीने. धूर वरच्या झरोक्यातून जात होता. आगीशी हरणाचं कातडं पांघरून एक तरुणी बसली होती. नातीने तिला विचारलं, "तुम्ही थँक्सगिव्हिंग करता का?" ती हसली. म्हणाली, "आम्ही मका आला की करतो, स्ट्रॉबेरी आली की करतो, मासे वर चढले की करतो. वर्षातून एकदाच आभार मानले तर बाकीचे दिवस कुणाच्या हातचं जेवलो?" मी लेकीला म्हटलं, हिला सांग, आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून त्याला आवतण देतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या'. लेकीने सांगितलं. त्या मुलीने ते दोनदा समजावून घेतलं आणि विचारलं, "बैलाला? म्हणजे जो राबतो त्याला?" मी मान हलवली.

मी तिला आभाराचा त्यांचा शब्द विचारला. "कुटापुटुश," ती म्हणाली. हा शब्द आज ऐकायला मिळतो यामागेही एक कहाणी आहे. त्यांची भाषा शंभरावर वर्षं बोलणाऱ्याविना पडून होती. पण 1663 मध्ये जॉन एलियटने त्या भाषेत बायबल छापलं होतं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं बायबल. शिवाय त्यांच्या पूर्वजांनी स्वतः लिहिलेली पत्रं, जमिनीची कागदपत्रं होती. जेसी लिटल डो बेअर्ड या मॅशपी वांपनोआग बाईंनी 1993 मध्ये ती भाषा परत उभी करायचं काम हाती घेतलं, एमआयटीत भाषाशास्त्र शिकल्या, कोश रचायला घेतला आणि आपल्या मुलीला जन्मापासून त्याच भाषेत वाढवलं. धर्मांतरासाठी छापलेलं पुस्तक नातवंडांना आजीची भाषा परत द्यायला कामी आलं. आयुष्यभर मराठीच्या वर्गात उभ्या राहिलेल्या मला हे ऐकताना भरून आलं, ते लपवण्यासारखं नव्हतं आणि मी लपवलंही नाही.

आता हा सण ज्या जेवणावरून आला असं सांगतात त्याबद्दल. सगळ्या सणाचा आधार म्हणजे एका पत्रातला एक परिच्छेद. एडवर्ड विन्स्लोने 11 डिसेंबर 1621 ला लिहिलेलं पत्र. पीक हाती आल्यावर चार माणसं पाखरांच्या शिकारीला गेली आणि आठवडाभर पुरतील एवढी पाखरं घेऊन आली. वांपनोआगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसांसह आला. तीन दिवस मेजवानी चालली. पाहुण्यांनी जाऊन पाच हरणं मारली आणि ती वस्तीत आणून दिली. एवढंच. इंग्रज तेव्हा पन्नासच्या आसपास उरलेले, त्यांतल्या मोठ्या बायका चार. म्हणजे पंगतीला घरच्यांहून पाहुणे जास्त, आणि पाहुणेच शिधा घेऊन आलेले. त्या पत्रात टर्कीचं नाव नाही. 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, करायला लोणी आणि गव्हाचं पीठ नव्हतं, बटाटे अजून तिथे पोचले नव्हते. 'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे नाव या जेवणाला 1841 मध्ये अलेक्झांडर यंग यांनी ते पत्र छापताना दिलं. जेवणाऱ्यांच्या लेखी तो सुगीचा उत्सव होता. आभाराचा दिवस म्हणजे त्यांच्या मते देवळात प्रार्थनेचा.

संध्याकाळी कोल्स हिलवर गेलो. मॅसासॉइटचा उंच ब्राँझचा पुतळा समुद्राकडे बघत उभा आहे, 1921 पासून. मॅसासॉइटने मार्च 1621 मध्ये या लोकांशी तह केला आणि मरेपर्यंत पाळला. त्याचीही गरज होती. साथीने त्याची माणसं मेली होती आणि पश्चिमेचे नॅरगॅन्सेट लोक बलवान राहिले होते. 1623 मध्ये तो मरणाच्या दारात असताना विन्स्लो पायी गेला, त्याने त्याची जीभ साफ केली, स्वतःच्या हाताने थोडं थोडं भरवलं, सूप करून पाजलं, आणि तो उठला. पत्र लिहिणारा तो हाच विन्स्लो. मग दोन बाप गेले. 1675 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एका बाजूचा प्रमुख मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम होता आणि दुसऱ्या बाजूला प्लिमथचा गव्हर्नर होता जोसाया विन्स्लो, एडवर्डचा मुलगा. पुढच्या वर्षी मेटाकॉम मारला गेला. त्याचं डोकं याच गावात खांबावर लावलं आणि ते कित्येक वर्षं तिथेच राहिलं. हरणं आली त्या गावात.

पुतळ्याजवळ एक फलक आहे. 1970 पासून दर थँक्सगिव्हिंगला दुपारी बाराला मूळ रहिवासी इथे शोकदिन पाळायला जमतात, असं त्यावर लिहिलं आहे. मी लेकीला म्हटलं, गुरुवारी आपण यायचं.

बुधवार

पाऊस. रस्ते तुडुंब, सगळी अमेरिका आईच्या घरी निघाल्यासारखी. आम्ही दिवसभर स्वयंपाकघरात. लेकीने पावासाठी पीठ मळलं, मी तांबडा भोपळा किसून गुळात शिजवला आणि घारग्यांचं पीठ भिजवलं.

टर्कीवरून 'ह्यां'नी एक गोष्ट काढली. हा पक्षी अमेरिकेचा, पण इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून आला, म्हणून टर्की. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच नावाचा अर्थही हिंदुस्थानातला असाच. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. आणि खरोखर हिंदुस्थानात तो गोव्याहून गेला. मुकर्रबखानाने गोव्यात पोर्तुगीजांकडून नवलाच्या वस्तू खरेदी करून जहांगीराला नेऊन दिल्या, त्यात टर्की होती. बादशहाने आपल्या आठवणींत तिचं बारीक वर्णन केलं आणि उस्ताद मन्सूरकडून 1612 च्या सुमारास चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्लिमथच्या पंगतीच्या नऊ वर्षं आधी. नात म्हणाली, "म्हणजे टर्की आपल्याकडे आधी आली?" आली, बाळा, गोव्याच्या बंदरात.

संध्याकाळी शेजारच्या आजी पाय घेऊन आल्या, दोन. एक भोपळ्याचा, एक सफरचंदाचा. ऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात, उद्या आमच्याकडेच जेवणार आहेत. त्यांनी मला सेरा जोसेफा हेलची गोष्ट सांगितली. न्यू हॅम्पशरची ही बाई, लहानपणी सगळ्यांनी म्हटलेल्या मेरी आणि तिच्या कोकराच्या कवितेची कर्ती. नवरा गेला तेव्हा पदरात पाच मुलं. लिहून घर चालवलं, पुढे मोठ्या मासिकाची संपादक झाली. थँक्सगिव्हिंग तोवर राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी होत असे. तो साऱ्या देशाचा एक दिवस व्हावा म्हणून ती वर्षानुवर्षं गव्हर्नरांना, एकामागून एक अध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. 28 सप्टेंबर 1863 ला लिंकनना लिहिलं. देश यादवीत रक्तबंबाळ होता, जुलैत गेटिसबर्गची लढाई होऊन गेली होती. 3 ऑक्टोबरला लिंकननी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला आणि त्या घोषणेत विधवा, अनाथ, शोकात असलेल्यांची आठवण ठेवायला सांगितलं. पुढे रूझवेल्टनी 1939 मध्ये दुकानदारांच्या सोयीसाठी दिवस आठवडाभर अलीकडे ओढला, निम्म्या राज्यांनी ऐकलं नाही, आणि 1941 च्या कायद्याने चौथा गुरुवार कायमचा ठरला.

"त्या बाईला आम्ही विसरलो," आजी म्हणाल्या. वयाच्या पंचाहत्तरीत तिला यश आलं. मला तिचा हेवा वाटला.

गुरुवार

टीव्हीवर न्यूयॉर्कची मिरवणूक लागली होती, मेसीजची, 1924 पासूनची. इमारतींएवढे फुगे दोऱ्यांनी धरून माणसं चालत होती. नात त्यात गुंगली. आम्ही मायलेकी दहाला निघालो. टर्की ओव्हनमध्ये घालायचं काम जावई आणि 'हे' यांच्यावर सोपवलं.

कोल्स हिलवर माणसांची दाटी होती आणि वारा बोचरा होता. ढोल सुरू झाला. तो कानांनी ऐकायचा नाद नव्हता, पायांतून वर येत होता. सुरुवात कशी झाली ते सांगितलं गेलं. 1970 मध्ये मेफ्लॉवरच्या साडेतीनशे वर्षांचा समारंभ होता. वॅम्सुटा फ्रँक जेम्स या आक्विन्ना वांपनोआग संगीतशिक्षकांना भाषणाला बोलावलं होतं. संयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितलं. त्यात साथ होती, लुटलेल्या कबरी होत्या, गेलेली जमीन होती. ते बोलू दिलं नाही, दुसरं लिहून दिलं. ते वाचायला जेम्सनी नकार दिला आणि या टेकडीवर, या पुतळ्याजवळ येऊन ते स्वतःचं बोलले. तेव्हापासून दरवर्षी. बोलतात ते मूळ रहिवासीच, बाकीच्यांनी ऐकायचं. काही जण आदल्या संध्याकाळपासून उपास धरून आलेले असतात.

मी ऐकलं. सगळी वाक्यं कळली नाहीत, लेक अधूनमधून कानात सांगत होती. शेजारी एक म्हातारा उभा होता, त्याच्या हातात नातवाचा फोटो होता की भावाचा, मला कळलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. समोर समुद्र करडा. आमचाही गुरुवार दत्तगुरूंचा, मी सकाळपासून एकवेळच होते. तिथे उभं राहताना त्या उपाशी पोटाचं मला बरं वाटलं.

गाडीत लेक म्हणाली, "आई, आता घरी जाऊन जेवायचं कसं?" मी म्हटलं, "जेवायचं. ज्यांनी दिलं त्यांचं नाव घेऊन जेवायचं."

चार वाजता घरी पोचलो तर घरभर वास. टर्कीच्या मांडीत काटा खुपसून जावयांनी तपमान दाखवलं, 165 फॅरनहाइटच्या वर. पाहुणे जमले होते. शेजारच्या आजी, आणि वसतिगृह बंद झालेले दोन विद्यार्थी, एक नागपूरचा, एक केनियाचा. नागपूरच्या मुलाने माझे घारगे पाहिले आणि काही न बोलता एक उचलून तोंडात टाकला.

बसण्याआधी आजींनी पर्समधून छोटी पुरचुंडी काढली आणि प्रत्येक ताटात मक्याचे पाच दाणे ठेवले. या भागातली जुनी रीत. उपासमारीच्या एका वसंतात माणशी पाच दाणे वाट्याला यायचे, अशी कथा. तेव्हाच्या लेखनात ती सापडत नाही, पण आजींच्या आजीने त्यांच्या ताटात दाणे ठेवले होते आणि आज त्यांनी माझ्या नातीच्या ताटात ठेवले.

मग एकेक बोलू लागले. जावई त्यांच्या आईबद्दल बोलले. केनियाचा मुलगा म्हणाला, या देशात आल्यापासून घराच्या चाव्या ज्याच्या खिशात आहेत अशा माणसाकडे आज पहिल्यांदा जेवतोय. नात तिच्या मांजरीबद्दल बोलली. माझी पाळी आली तेव्हा मी मराठीत बोलले आणि नातीला म्हटलं, तू सांग यांना.

माझ्या ताटात टर्की नव्हती, गुरुवार म्हणून. काय होतं ते मी एकेक दाखवलं. मक्याची भाकरीसारखी वडी, मका. घारगे आणि पाय, भोपळा. हिरव्या शेंगांची भाजी, घेवडा. क्रॅनबेरीची चटणी. क्रॅनबेरी इथले लोक रानातून वेचत, बाकीचं सगळं या खंडातल्या मूळच्या लोकांनी हजारो वर्षं बी राखून वाढवलं. मका, घेवडा, भोपळा ते एकाच उंचवट्यावर पेरत, घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. यातला मका आणि भोपळा जहाजांतून माझ्या कोकणापर्यंत आला, माझ्या आजीने तो आपलाच समजून परसात लावला. कुणाचं हे बी, असं मी पासष्ट वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मग मी टिस्क्वांटमचं नाव घेतलं, पाच हरणांचं सांगितलं, आणि मंगळवारी शिकलेला शब्द म्हटला. कुटापुटुश.

नातीने सगळं सांगितलं. 'बी राखणं' तिला इंग्रजीत जमेना, तिने पाच दाणे मुठीत धरून दाखवलं. आजी बराच वेळ ताटाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, माझी माणसं त्या जहाजानंतर थोड्याच वर्षांनी आली, आणि आमच्या घरात हे नाव या टेबलावर कधी घेतलं गेलं नाही. त्यांनी ते नाव नातीकडून नीट म्हणवून घेतलं, स्वतः म्हटलं. मग जेवायला सुरुवात झाली.

'ह्यां'नी टर्की दोनदा घेतली.

शुक्रवार

बाहेर दुकानांची झुंबड, आम्ही घरातच. कायद्याने आजचा दिवस मूळ रहिवाशांच्या वारशाचा आहे, 2009 पासून. नातीच्या वहीत सुट्टीच्या रकान्यात त्याची नोंद नव्हती, तिने पेन्सिलीने केली. उरलेल्या टर्कीचं सूप झालं. मी पोहे केले.

काल जाताना आजींना मी स्टीलच्या डब्यात घारगे आणि शेंगांची भाजी भरून दिली होती. अकराच्या सुमाराला त्या डबा परत द्यायला आल्या. हातात घेतला तर जड लागला. आत क्रॅनबेरीची चटणी, संत्र्याची साल किसून घातलेली, आणि वर कागदात गुंडाळलेले मक्याचे दाणे, तांबडे, जांभळे, मूठभर. "पेरून बघा," त्या म्हणाल्या. चिपळूणला बी न्यायला विमानतळावर परवानगी नाही, लेकीने सांगितलं. मग नातीने ते घेतले. मार्च संपला, जमीन सुटली की मागच्या अंगणात उंचवटा करायचा, असं तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. मासे कुठून आणायचे ते तेवढं ती मला विचारत होती.